ट्रेपॅनिंग टूल : बॉयलरच्या पत्र्यातले गोल भोक
साखर कारखान्यातील हत्यारे : लेखांक ९

जाड पोलादी पत्र्यात मोठे गोल भोक कापण्याच्या हत्याराला ट्रेपॅनिंग टूल म्हणतात. ड्रिल भोकाच्या जागेतला सगळा धातू चुरा करून बाहेर काढते. ट्रेपॅनिंग टूल मात्र भोकाच्या कडेने एक अरुंद चर कापत खाली उतरते आणि चर आरपार झाला की मधली चकती अखंड सुटून पडते. कंपासपेटीतल्या कर्कटकाला पेन्सिलीऐवजी कापणारी धार लावली, तर त्याचे काम जसे होईल तसेच या हत्याराचे आहे. बॉयलरचा ड्रम, ट्यूब प्लेट (नळ्यांची टोके बसवायचा जाड पत्रा) आणि रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या प्लेटा यांत नळ्यांसाठी जी भोके लागतात, त्यांतली मोठी भोके कित्येक वर्षे याच हत्याराने पडत आली आहेत.

प्रवरा नदीकाठच्या कोल्हारच्या परिसरात या हत्याराचे महत्त्व सहज ध्यानात येते. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, डाव्या आणि उजव्या कालव्यांचे पाणी शेतात आले आणि हा सगळा पट्टा उसाखाली गेला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, टिळकनगरलाही खासगी कारखाना उभा राहिला. पुढे कोल्हारच्या शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, चालणारा बॉयलर हा यांतल्या प्रत्येक कारखान्याचा प्राण आहे. मिल फिरवणारी वाफ त्याची, रस आटवणारी वाफ त्याची आणि आता वीज करणारी वाफही त्याचीच. हंगाम संपला की बॉयलर थंड करून उघडतात. पावसाळ्यात नळ्या, ड्रम आणि भट्टी यांची तपासणी व दुरुस्ती चालते आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. भोके, नळ्या आणि सांधे यांची कामे याच मधल्या काळात उरकावी लागतात.

बॉयलरमधले भोक इतके जोखमीचे का, हे आधी समजून घेतले पाहिजे. साखर कारखान्यात बहुतेक वेळा वॉटर ट्यूब बॉयलर असतो. त्यात वर वाफेचा ड्रम, खाली मड ड्रम आणि दोन्हींना जोडणाऱ्या शेकडो नळ्या असतात. प्रत्येक नळीचे टोक ड्रमच्या पत्र्यातल्या भोकात शिरते आणि तिथे ते आतून फुगवून घट्ट बसवले जाते. म्हणजे ड्रमच्या त्या पट्ट्यात सलग पत्रा जवळजवळ उरतच नाही. उरतात त्या दोन भोकांमधल्या धातूच्या अरुंद पट्ट्या. त्यांना लिगामेंट म्हणतात आणि वाफेचा सगळा ताण त्यांनाच पेलावा लागतो.

साधा हिशेब करून पाहता येतो. भोकाचा व्यास 51.5 मिलिमीटर आणि दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर 100 मिलिमीटर असेल, तर मधली पट्टी 48.5 मिलिमीटरची राहते. याचा अर्थ सलग पत्र्याच्या तुलनेत त्या ओळीची ताकद साडेअठ्ठेचाळीस टक्के झाली. ड्रमचा पत्रा किती जाड घ्यायचा हे ठरवताना हाच आकडा धरतात. आता एक भोक केंद्रापासून 2 मिलिमीटर सरकले, तर एका बाजूची पट्टी 46.5 मिलिमीटरवर येते. दुसऱ्या बाजूची तेवढीच रुंद होते, पण तिचा उपयोग नाही, कारण पत्रा सर्वांत कमजोर जागी फाटतो. भोकाची जागा, गोलाई आणि कडेचा धातू या तिन्हींत चूक चालत नाही ती यामुळे.

कडेच्या धातूचा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात बॉयलरचे पत्रे रिबिटांनी जोडत आणि रिबिटांची भोके पंचिंग मशीनवर ठोकून पाडत. काम झपाट्याने होई, पण पंच पत्रा कापत नाही, तो फाडतो. भोकाच्या वरच्या भागात कड गुळगुळीत दिसते, खाली ती फाटलेली आणि खडबडीत असते. भोवतालचा धातू दाबाने कडक व ठिसूळ होतो आणि त्यात बारीक तडे राहून जातात. बॉयलर रोज तापतो, थंड होतो, ताणला जातो. असे तडे त्या ओढाताणीत हळूहळू वाढत जातात. म्हणून पुढे नियम कडक झाले. अमेरिकन बॉयलर संहितेने नळीचे भोक पंच करायला परवानगी दिली ती एका अटीवर. पंचाचे भोक अंतिम मापापेक्षा किमान अर्धा इंच लहान ठेवायचे आणि उरलेला धातू ड्रिल, रीमर किंवा फिरत्या कटरने काढायचा. दुखावलेला भाग सगळा निघून जावा, हा त्यामागचा विचार. गॅस कटिंगचेही तसेच आहे. ज्योतीने भोक लवकर पडते, पण कडेचा धातू तापून अचानक थंड होतो आणि त्याचा पोत बदलतो. त्यामुळे गॅसने कापलेली कड मशीनवर ताशीव करून घेतल्याशिवाय नळीच्या कामाची होत नाही.

ट्रेपॅनिंग टूल हे दोन्ही दोष टाळते. धार धातूचा पातळ किस काढते आणि भोवतालचा पत्रा जवळजवळ जसाच्या तसा राहतो.

हत्याराची रचना सोपी आहे, म्हणूनच कारखान्याच्या मशीन शॉपमधला चांगला टर्नर ते स्वतः घडवू शकतो. वरच्या टोकाला मशीनच्या स्पिंडलमध्ये बसणारी निमुळती शँक असते. तिच्या खाली भक्कम पोलादी बॉडी आणि बॉडीच्या मध्यातून खाली आलेला पायलट, म्हणजे मार्गदर्शक पिन. बॉडीत आडवा दांडा किंवा दोन खाचा असतात, त्यांत हायस्पीड स्टीलचे टूल बिट बसवून स्क्रूने आवळतात. बिट आत-बाहेर सरकवले की भोकाचा व्यास बदलतो. एकच बिट असलेले टूलही चालते, त्याला फ्लाय कटर म्हणतात, पण त्याचा सगळा भार एका बाजूला पडतो आणि पायलट वाकू लागतो. जाड पत्र्याच्या कामात समोरासमोर दोन बिट असलेले टूलच घ्यावे. कापण्याचा रेटा दोन्हीकडून सारखा येतो आणि हत्यार सरळ उतरते. काही टर्नर एक बिट चराच्या आतल्या बाजूला आणि दुसरा बाहेरच्या बाजूला कापेल अशी मांडणी करतात. मग किस अरुंद निघतो आणि चरात अडकत नाही.

बिट घासणे हे यातले खरे कौशल्य. लेथच्या टूलला समोर आणि बाजूला मोकळीक दिली की भागते. इथे बिट गोल चरात फिरतो आणि चराची बाहेरची भिंत त्याच्याकडे वळलेली असते. बिटची बाहेरची बाजू सरळ घासली, तर धार कापते पण मागची टाच भिंतीवर घासू लागते. घासणाऱ्या टाचेने बिट तापतो, भोक मापाबाहेर जाते आणि भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून बाहेरची बाजू भोकाच्या वक्रतेपेक्षा जास्त वळवून घासावी लागते. भोक जितके लहान, तितकी ही मोकळीक जास्त. पुस्तकातल्या आकृतीवरून हे चटकन कळत नाही. आयटीआयच्या मुलांना ते ग्राइंडरसमोर उभे करूनच शिकवायला हवे.

काम पत्र्यावरच्या खुणांपासून सुरू होते. नकाशावरून केंद्रे आखून सेंटर पंचने ठोकतात आणि भोकाचे वर्तुळही आखून ठेवतात, म्हणजे हत्यार सरकले तर लगेच दिसते. मग पायलटच्या मापाचे भोक साध्या ड्रिलने पाडतात. हे भोक आणि पिन यांत ढिलाई राहिली तर मोठे भोक अंडाकृती होते, म्हणून पायलटचे भोक रीमरने नेमके करून घेणे चांगले. पत्रा रेडियल ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर घट्ट आवळतात, पायलटला तेल लावतात आणि हत्यार हळू खाली आणतात.

वेगाच्या बाबतीत नवख्यांची चूक ठरलेली असते. 20 मिलिमीटरचे ड्रिल मिनिटाला 25 मीटर कटिंग स्पीडने चालवायचे तर स्पिंडलचे सुमारे 400 फेरे होतात. 77 मिलिमीटरच्या भोकात धार केंद्रापासून फार लांब असते आणि ट्रेपॅनिंगला कटिंग स्पीडही कमी ठेवतात. तो मिनिटाला 15 मीटर धरला तर मिनिटाला फक्त 62 फेरे निघतात. ड्रिलचा वेग तसाच ठेवून टूल उतरवले तर बिट काही क्षणांत जळतो. कटिंग ऑइल किंवा पांढरे सोल्युबल ऑइल चरात सतत सोडावे लागते. चर खोल होत गेला की किस बाहेर निघायला जागा उरत नाही, तेव्हा हत्यार अधूनमधून वर घेऊन चर साफ करतात. फार जाड पत्रा असेल तर अर्धी जाडी एका बाजूने कापून पत्रा उलटतात आणि उरलेली दुसऱ्या बाजूने कापतात. पायलटचे भोक आरपार असल्याने दोन्ही चर एकाच रेषेत येतात.

सर्वांत धोक्याचा क्षण शेवटचा. तळाशी पातळ पडदा उरला की चकती एका बाजूने आधी सुटते, तिरकी होते आणि बिटला धरते. बिट तुटतो, कधी पत्राच क्लॅम्पमधून उसळतो. त्या वेळी फीड, म्हणजे हत्यार खाली उतरण्याचा वेग, अगदी हलका ठेवायचा असतो. फिरणाऱ्या बिटजवळ हात नेऊ नये. हातमोजे घालून ड्रिलिंग मशीनवर काम करू नये, कारण मोजा अडकला तर हात ओढला जातो. हातातल्या ड्रिल मशीनला हे टूल कधीही लावू नये.

या खटाटोपातून काय वाचते, ते आकड्यांत पाहावे. 25 मिलिमीटर जाड पत्र्यात 77 मिलिमीटरचे भोक म्हणजे सुमारे 914 ग्रॅम पोलाद. पायलटचे भोक हिशेबात न धरता 6 मिलिमीटर रुंद चर कापला तर चुरा होतो फक्त 263 ग्रॅमचा आणि बाकीची 651 ग्रॅमची चकती अखंड हाती येते. मशीनला सुमारे 71 टक्के कमी धातू कापावा लागतो, त्यामुळे कमी ताकदीच्या मशीनवरही मोठे भोक पडते. चकती वाया जात नाही. तिचे वॉशर आणि छोटे फ्लँज होतात.

भोक पडले म्हणजे ते नळीसाठी तयार झाले असे नाही. 50.8 मिलिमीटर व्यासाच्या नळीला भोक साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरने मोठे ठेवतात. अंतिम माप रीमरने किंवा हलक्या कटने आणतात. दोन्ही कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, काढून कड किंचित गोल करतात, नाहीतर फुगवताना ती नळीला कापते. भोकाच्या भिंतीवर गोल फिरणाऱ्या बारीक रेघा असल्या तरी चालते. आरपार जाणारा एक उभा ओरखडा मात्र चालत नाही, कारण दाबाखालचे पाणी त्याच वाटेने बाहेर पडते. जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये भोकाच्या भिंतीत मुद्दाम एकदोन गोल खाचा काढतात. नळी फुगली की तिचा धातू त्या खाचांत शिरतो आणि पकड वाढते.

आता ट्रेपॅनिंग टूलची जागा पुष्कळ ठिकाणी कोर कटरने घेतली आहे. हा पोकळ नळकांड्यासारखा असतो, कडेला अनेक दात आणि मध्ये स्प्रिंगवर सरकणारी पिन. पिनच्या बाजूने कूलंट आत उतरते आणि काम संपताच तीच पिन चकती बाहेर ढकलते. अनेक दात एकाच वेळी कापत असल्याने काम वेगात होते. लोहचुंबकाने पत्र्याला चिकटणाऱ्या मॅग्नेटिक ड्रिलवर हा कटर लावला की जागेवरच भोक पाडता येते. मोठ्या बॉयलर कंपन्यांत ड्रम आणि ट्यूब प्लेटा सीएनसी मशीनवर कापल्या जातात. तरीही एखादे वेगळ्याच मापाचे भोक हवे असेल आणि त्या मापाचा कटर मिळत नसेल, तर सरकणाऱ्या बिटचे जुने टूलच उपयोगी पडते.

भोकांबाबत एवढा काटेकोरपणा कायद्यातही आला, त्यामागे अपघात आहेत. 1863 मध्ये कोलकात्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. प्रांताप्रांतांचे वेगवेगळे कायदे एकत्र करून 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला, 1950 मध्ये सविस्तर नियमावली झाली आणि 2025 मध्ये जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. पत्रा कोणत्या दर्जाचा, भोके कशी पाडायची, नवा बॉयलर डिझाइन दाबाच्या दीडपट पाण्याच्या दाबाने कसा तपासायचा, हे सगळे नियमांत येते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे.

वापरात असलेल्या बॉयलरच्या ड्रमला किंवा ट्यूब प्लेटला नवे भोक पाडण्याआधी आराखडा आणि लिगामेंटचा हिशेब संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा. वर्कशॉपमध्ये हत्यार तयार आहे, पत्रा समोर आहे आणि हंगाम तोंडावर आला आहे, अशा वेळीही ही मंजुरी मिळेपर्यंत थांबावे. भोकात नळी घट्ट बसवणाऱ्या ट्यूब एक्स्पांडरची माहिती पुढील लेखांकात येईल.