चढाच्या वाटेवरील हिम आणि लहान ट्रॅक्टर : डोंगराळ बागांसाठी सुरक्षित कार्यपद्धती

हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात कोटखाई, जुब्बल, नारकंडा या पट्ट्यात हिवाळ्यात पश्चिमी झंझावातांमुळे हिमवृष्टी होते. सफरचंदाच्या बागेसाठी ती उपकारक असते. थंडीचे आवश्यक तास पूर्ण होतात आणि सावकाश वितळणारे पाणी जमिनीत मुरते. मात्र याच काळात झाडांची छाटणी करावयाची असते, शेणखत पोहोचवावयाचे असते, गोठ्यातील दूध खाली न्यावयाचे असते आणि प्रसंगी घरातील आजारी माणसाला रुग्णालयात हलवावे लागते. मुख्य रस्त्यावरील हिम शासकीय यंत्रणा हटवते. परंतु रस्त्यापासून घरापर्यंत किंवा बागेपर्यंत जाणारी खासगी वाट मोकळी करणे ही बागायतदाराचीच जबाबदारी असते. ही वाट बहुधा अरुंद व तीव्र चढाची असून तिच्या एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस उतार असतो.

नाशिक व सांगलीच्या द्राक्षबागांत फवारणीसाठी वापरला जाणारा २० ते ३० अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर या कामासाठीही उपयुक्त ठरतो. तथापि सपाट बागेत विश्वासू ठरलेले हेच यंत्र निसरड्या चढावर अत्यंत धोकादायक होऊ शकते. त्यामागील कारणे समजून घेतल्यास बहुतेक अपघात टाळता येतात.

हिमाचे वजन किती?

ताजे, भुसभुशीत हिम प्रति घनमीटर साधारण १०० किलो भरते. ओलसर व दबलेले हिम ३०० किलो किंवा त्याहून अधिक. ५० मीटर लांब व ३ मीटर रुंद वाटेवर ३० सेंटीमीटर थर साचल्यास त्याचे आकारमान ४५ घनमीटर होते. हिम ताजे असेल तर हे ओझे साडेचार टन, ओले असेल तर साडेतेरा टन. म्हणून संपूर्ण हिमवृष्टी थांबण्याची वाट न पाहता, दर १० ते १५ सेंटीमीटर थर साचताच एक फेरी घेणे श्रेयस्कर. वाहनांच्या चाकांखाली दबलेल्या हिमाचा रात्रीत कठीण बर्फ होतो आणि तो ब्लेडने सहज निघत नाही.

चढाचे गणित

चढ मोजण्यासाठी १ मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ पुरेशी आहे. पट्टीचे एक टोक वरच्या बाजूस जमिनीवर टेकवून ती समपातळीत धरावी व दुसऱ्या टोकाखालील अंतर मोजावे. ते २० सेंटीमीटर भरल्यास चढ २० टक्के होय.

१,००० किलो वजनाचा ट्रॅक्टर १० टक्के चढावर सुमारे १०० किलो बलाने खाली ओढला जातो. २० टक्के चढावर हे बल सुमारे १९५ किलो होते. दबलेल्या हिमावर रबरी टायरची पकड चाकांवरील वजनाच्या साधारण एक-पंचमांश असते, तर गुळगुळीत बर्फावर ती एक-दशांश किंवा त्याहूनही कमी राहते. मागील चाकांवर एकूण वजनाचा ६० टक्के वाटा आहे असे धरल्यास, टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला दबलेल्या हिमावर सुमारे १२० किलोचीच पकड मिळते. १० टक्के चढावर हिम ढकलण्यासाठी जेमतेम २० किलो बल उरते. २० टक्के चढावर ट्रॅक्टर मुळात वर चढूच शकत नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पकड सुमारे २०० किलो होते. म्हणजे २० टक्के चढावर तीही पुरी खर्ची पडते. यावरून दोन निष्कर्ष निघतात : तीव्र चढावर चाकांना साखळ्या अनिवार्य आहेत, आणि हिम वर ढकलण्याऐवजी खाली ओढावे.

पूर्वतयारी

हिमवृष्टीपूर्वीच वाटेच्या दोन्ही कडा, गटार, पाण्याची नळी व मोठे दगड यांच्या जागी दीड मीटर उंचीच्या काठ्या रोवून त्यांना लाल कापड बांधावे. हिमाखाली कडा दिसत नाही आणि नेमक्या तेथेच ट्रॅक्टर घसरतो.

साखळ्या शक्यतो चारही चाकांना लावाव्यात. एकच जोडी असल्यास ती मागील चाकांना लावावी, कारण बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागील चाकांवरच असतात. साखळी व मडगार्ड यांत पुरेसे अंतर असल्याची खात्री करावी आणि थोडे अंतर चालवून साखळी पुन्हा ताणावी.

वजन वाढवण्यासाठी टायरमध्ये साधे पाणी भरण्याची मैदानी प्रदेशातील पद्धत येथे चालत नाही, ते गोठते. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण गोठत नाही, परंतु रिम गंजवते. त्यामुळे चाकांना लोखंडी वजने लावणे अधिक सोयीचे. रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ व पाणी समप्रमाणात असावे. कडाक्याच्या थंडीत सामान्य डिझेलमधील मेण साकळून फिल्टर तुंबतो. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले, ते याच कारणास्तव.

फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडलेला रोल बार या कामापूर्वी उभा करून पक्का करावा व सीटबेल्ट बांधावा. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले एकत्र जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास निसरड्या उतारावर ट्रॅक्टर क्षणार्धात आडवा फिरतो.

प्रत्यक्ष काम

थ्री-पॉइंट लिंकेजला जोडलेले टेरेस ब्लेड हे सर्वांत सुलभ अवजार होय. खडीच्या वाटेवर ब्लेडला घसरपट्ट्या बसवून ते जमिनीपासून २ ते ३ सेंटीमीटर वर ठेवावे. अन्यथा हिमाबरोबर खडीही निघून जाते.

ब्लेड मागे असल्याने ट्रॅक्टरची जड बाजू मागे असते आणि जड बाजू नेहमी चढाकडे असावी, हा मूलभूत नियम आहे. म्हणून ब्लेड थोडे उचलून, लो गिअरमध्ये, सरळ रेषेत रिव्हर्सने वर जावे. असे केल्याने पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका राहत नाही. वर पोहोचल्यावर ब्लेड खाली टेकवून पुढे तोंड करून सावकाश उतरावे. ब्लेड हिम खाली ओढते आणि स्वतः ब्रेकचेही काम करते. चाके हिमावरून आधी जात असल्याने थर काहीसा दबतो. पातळ थरातच फेरी घेण्याचे हे आणखी एक कारण आहे. ट्रॅक्टर चढत नसेल तर बळजबरी करू नये. पुढच्या लो गिअरमध्ये सरळ खाली यावे, अडलेला भाग फावड्याने मोकळा करावा आणि राख किंवा वाळू पसरावी.

उतरताना वजन पुढील चाकांकडे सरकते व ब्रेक असलेली मागील चाके हलकी होतात. अशा वेळी ब्रेक दाबल्यास ती फिरायची थांबून घसरू लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह जोडलेला असल्यास पुढील चाकेही इंजिनच्या रोधाने ट्रॅक्टर धरून ठेवतात. म्हणून तो उतरतानाही जोडलेलाच ठेवावा, गिअर उतरण्यापूर्वी निवडावा, मध्येच क्लच दाबू नये आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये कदापि टाकू नये. डिफरन्शियल लॉक केवळ सरळ चालीत वापरावा.

तरीही ट्रॅक्टर घसरू लागल्यास ब्रेक सोडून चाके फिरू द्यावीत, ब्लेड पूर्ण खाली टाकावे आणि स्टिअरिंग सरळ उताराच्या दिशेने ठेवावे. चाके इंजिनच्या रोधानेच अडत असतील तर ॲक्सिलरेटर किंचित वाढवावा. चाके जमिनीच्या वेगाने फिरू लागली की पकड परत येते. उतारावर आडवे वळणे सर्वांत घातक होय.

दरीकडील कडेपासून किमान १ मीटर अंतर राखून तेथे हिमाचा बांध तसाच राहू द्यावा. कडेची माती भुसभुशीत असते. डोंगराकडील गटार मात्र मोकळे ठेवावे. नाहीतर दुपारी वितळलेले पाणी वाटेवरून वाहते आणि रात्री त्याचाच बर्फ होतो. काम दुपारपूर्वी आटोपल्यास उन्हात पृष्ठभाग कोरडा होण्यास अवधी मिळतो.

बागेची काळजी

हटवलेले हिम खोडांभोवती रचू नये. त्याच्या भाराने खालच्या फांद्या मोडतात आणि आडोशाला आलेले उंदीर साल कुरतडतात. झाडांच्या ओळींमधील मोकळ्या पट्ट्यात ते पसरल्यास वितळलेले पाणी बागेलाच मिळते. बर्फ वितळवण्यासाठी मिठाचा वापर टाळावा. तापमान उणे ९ अंशांच्या खाली गेल्यावर मिठाचा परिणाम फारच मंदावतो. शिवाय त्यातील सोडियम जमिनीची घडण बिघडवते आणि सफरचंदाची मुळे क्षारांना संवेदनशील असतात. वाळू, बारीक खडी किंवा चुलीतील राख हे निर्धोक पर्याय होत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक हिमवृष्टीपूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोरड्या वाटेवर घ्यावे. चढ मोजणे, पेडलांची खिट्टी तपासणे, रोल बार उभा करणे आणि रिव्हर्सने चढून गिअरमध्ये उतरणे या चार गोष्टी प्रत्येक चालकाकडून करवून घ्याव्यात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरील चिखलातही वजन, पकड आणि चढ यांचे हेच नाते लागू पडते, त्यामुळे महाराष्ट्रातील प्रशिक्षणातही हा धडा घेता येईल. वाट एक दिवस उशिरा मोकळी झाली तर होणारे नुकसान भरून काढता येते. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाचे नुकसान भरून येत नाही. ज्या चढावर खात्री वाटत नाही, तेथे यंत्र खाली उभे करून फावडे हाती घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.