जुन्या गाडीत नकाशा लावताय?

"डॉक्टर, पंधरा दिवस झाले, मान आखडलीय," असं सांगत एक निवृत्त गुरुजी ओपीडीत आले. एक्स-रे त्यांच्या वयाला साजेसाच होता. दुखणं कधी वाढतं, असं विचारल्यावर म्हणाले, "गाडी चालवली की." गाडी बारा वर्षांची, तिच्यात नकाशाची सोय नाही. म्हणून मुलाने गिअरच्या पुढे मोबाइलचं स्टँड बसवून दिलेलं. गुरुजींना दुहेरी भिंगाचा चष्मा. नकाशा बघायचा म्हणजे मान पुढे काढायची, हनुवटी वर करायची आणि चष्म्याच्या खालच्या भिंगातून बघायचं. मी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि स्टँडची जागा बदलायला सांगितली. मान मोकळी झाली. पण मला काळजी मानेची नव्हतीच. गुरुजी नकाशा बघत असताना रस्त्याकडे कोण बघत होतं, याची होती.

जुन्या गाडीत नकाशा आणायचे सोपे मार्ग दोन. रेडिओच्या जागी टचस्क्रीन बसवून घेणं, किंवा मोबाइल स्टँडवर लावणं. दोन्ही चालतात. प्रश्न आहे तो स्क्रीन कुठे बसते, याचा. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली, तर सुमारे 33 मीटर रस्ता आपण न बघताच कापतो. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन एसटी गाड्यांएवढं अंतर!

चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण आणखी मोठी. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, त्यामुळे लांबून जवळ नजर स्थिरावणं अवघड होतं. वाचायचा चष्मा साधारण सव्वा फुटावरच्या अक्षरांसाठी असतो, तर गाडीतली स्क्रीन दोन-अडीच फुटांवर. ती ना धड दूरच्या भिंगातून दिसते, ना जवळच्या. मग माणूस डोळे बारीक करून बघत राहतो आणि दोन सेकंदांचे चार सेकंद होतात. यावर उपाय डोळ्यांकडे नाही, कानांकडे आहे. आवाज सुरू ठेवा. "पुढे डावीकडे वळा" हे ऐकायला रस्त्यावरची नजर काढावी लागत नाही.

आता या यंत्राला नेमकं काय कळतं, तेही समजून घेऊ. मोबाइलमधला जीपीएस किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून आपली जागा ठरवतो. त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणि वाहतुकीची माहिती आणायला. म्हणूनच डोंगराळ भागात रेंज गेली की निळा ठिपका दिसतो, पण त्याच्याभोवतीचा रस्ता गायब होतो. आधीच नकाशा उतरवून ठेवला, तर ही अडचण येत नाही. मात्र आपण कुठे आहोत हे यंत्राला पक्कं कळत असलं, तरी समोरचा रस्ता आज कसा आहे, हे कळेलच असं नाही.

याची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी, मोबाइलच्या नकाशावर विसंबून, रात्री कोतूळ-अकोले रस्त्यावरून जात होती. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलाच्या वाटेने ती थेट पाण्यात गेली. दोघे कसेबसे बाहेर आले. गाडी चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. तो पूल पाण्याखाली जातो, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण अपरात्री विचारायचं कोणाला? आणि हातात नकाशा असताना विचारावंसं तरी कुठे वाटतं?

हा मेंदूचा स्वभाव आहे. यंत्र दहा वेळा बरोबर आलं की अकराव्या वेळी आपण शंका घेणं सोडून देतो. उलट, वापरला तर हाच मेंदू वाटांमध्ये तरबेज होतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये त्यांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. वाटांची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. आपल्याला तेवढी घोकंपट्टी नको. पण निघण्याआधी दोन मिनिटं पूर्ण रस्ता नजरेखालून घातला, वाटेतली गावं, नद्या, घाट लक्षात ठेवले, तर यंत्र चुकल्यावर आपल्याला निदान शंका तरी येते.

नकाशा लावण्यापूर्वी एवढं करा:

• स्टँड डॅशबोर्डवर, नजरेच्या रेषेजवळ लावा. मात्र समोरचा रस्ता झाकू नये आणि एअरबॅगच्या झाकणावर ते नसावं.

• पत्ता गाडी उभी असतानाच टाका. बदल करायचा तर कडेला थांबा. ऑक्टोबर 2020 पासून नियमानुसार गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता बघण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येतो.

• शेजारी कोणी असेल, तर नकाशा त्यांच्या हाती द्या.

• पावसाळ्यात किंवा धरणाच्या काठाने, अनोळखी रस्त्यावर रात्री जाणं टाळा. पुढे पाणी दिसलं की थांबा, उतरून विचारा.

• गाडी पाण्यात पडलीच, तर फोन लावत बसू नका. पहिलं मिनिटच मोलाचं. पट्टा सोडा, खिडकीची काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा आणि स्वतः निघा. दार उघडण्यात वेळ घालवू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उघडत नाही.

गुरुजी परवा पुन्हा आले होते, रक्तदाब तपासायला. म्हणाले, "स्टँड वर लावलंय. पण आता नकाशा ही बघते, मी फक्त ऐकतो." शेजारी बसलेल्या बाई हसल्या. गाडीत याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.