जरा थांबा ना, भाऊ!

मैत्रिणींनो, आपण बायका प्रवास काय थोडा करतो? लग्न, बारसं, बाळंतपण, दवाखाना... पण गाडीत बसतो ते कुठंतरी पोहोचायचं म्हणून. कुठं थांबायचं ते गाडी चालवणारा ठरवणार. तहान लागली, पाय आखडले, तरी आपण गप्प!

म्हणून मार्चअखेर आम्ही पाच जणींनी चंद्रपूरहून एक गाडी ठरवली. नियम एकच. जिला वाटेल तिने ‘थांबा’ म्हणायचं आणि चालकभाऊंनी थांबायचं. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, आणि पुढे चामोर्शीजवळचं मार्कंडा. जमेल तिथं हमरस्ता सोडून गावांतल्या रस्त्यांनी. एरवी अडीच-तीन तासांत आटपणारी वाट, आम्हाला अख्खा दिवस पुरला नाही!

पहिला थांबा मामा तलावाचा. सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी तलाव’, आपल्या तोंडी मामा तलाव. इंग्रजी अमलात मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात. माझं माहेर याच भागातलं, पण पाळीवर बसून पाणकोंबड्या बघायला कधी सवडच झाली नव्हती.

पुढे रस्त्याकडेला मोहाचं झाड. खाली पिवळट फुलांचा सडा आणि तो वेचणाऱ्या तिघी-चौघी. एका आजीने विचारलं, “कुठं चालल्या जी बाई?”

“काही नाही, अशाच फिरायला.”

“कामाबिगर?” म्हणून ती अशी हसली, की आम्हीही हसत सुटलो. मग ओंजळभर मोहफुलं तिने आमच्या हातात ठेवली.

तिच्यासाठी हे रान म्हणजे रोजीरोटी. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. आणि जीवाची धास्ती कायमची. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण ज्या झाडाखाली ती आजी वाकून फुलं वेचते, तिथं दहा मिनिटं उभं राहिल्यावर ती बातमी राहत नाही. बचत गटाच्या कामाने मी कितीदा या वाटेने गेले असेन, पण बैठकीची वेळ गाठायची म्हटलं की काचेबाहेर नुसती झाडं पळताना दिसतात.

दुपार कलता कलता मार्कंड्याला पोहोचलो. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथं उत्तरेला वळते. काठावर दगडी कोरीव मंदिरं. महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र पायरीवर बसून आम्ही डब्यातली भाकरी आणि ठेचा निवांत खाल्ला.

तुम्हीही जाऊन बघा. खर्च पाच जणींत वाटला की जड जात नाही. पहाटे लवकर निघा म्हणजे अंधाराआधी घरी याल. सांजेला हे जंगलरस्ते जनावरांचे. गाडी हळू हाका, भोंगा वाजवू नका, माकडांना खायला घालू नका. रानात आत शिरू नका. पाणी भरपूर घ्या. स्वच्छतागृहं कमी आहेत, म्हणून तालुक्याच्या गावी आधीच सोय बघून ठेवा. पाणी न पिता बसणं हा उपाय नव्हे!

आणि घरच्यांनी विचारलं, “काम काय आहे?” तर बेधडक सांगा, “काही नाही!”