विश्लेषण : ‘एआय’च्या वहीत आजची धाव कालच्या तारखेला कशी जाते?

पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाणारे येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी). पोलीस भरतीची तयारी करणारा तिथला एखादा तरुण पहाटे पाचला १६०० मीटर धावला, असे समजा. घड्याळाने धाव मोजली, मोबाइलने नोंद घेतली. मग त्याने एआय साहाय्यकाला विचारले, ‘आजची धाव कशी झाली?’ उत्तर आले, ‘आज तुम्ही धावलेलेच नाहीत.’ नोंद हरवली नव्हती, ती कालच्या तारखेला जमा झाली होती.

हे कसे घडते?

बहुतेक संगणकप्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपले पहाटेचे ५ वाजतात, तेव्हा त्या नोंदीत आदल्या रात्रीचे ११.३० असतात. पहाटे साडेपाचच्या आधी धावणाऱ्या प्रत्येकाचा दिवस असा मागे सरकतो. उशिरा उठणाऱ्यांना हा त्रास नाही, हे भरतीवाल्यांच्या नशिबी! ‘स्ट्राव्हा’सारखे ॲप जागतिक आणि स्थानिक अशा दोन्ही वेळा देते. त्यातील कोणती वाचायची, हे जोडणी करणाऱ्या साधनाने ठरवायचे असते.

ही जोडणी म्हणजे काय?

एका ॲपने दुसऱ्या प्रणालीला माहिती द्यायची, तर त्यासाठी ठरवलेला दरवाजा म्हणजे एपीआय. एआय एजंट हा दरवाजा एखाद्या साधनामार्फत ठोठावतो. एजंट आणि साधने यांच्या संवादासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रोपिक’ कंपनीने आणले. वापरकर्ता पासवर्ड देत नाही, फक्त परवानगी देतो. त्या बदल्यात साधनाला मुदतीची डिजिटल किल्ली मिळते. ‘स्ट्राव्हा’च्या बाबतीत ती सहा तासांची असते आणि नंतर आपोआप बदलून घेतली जाते. त्यामुळे किल्लीची मुदत संपली म्हणजे परवानगी संपली, असे नाही. ती स्वतःहून काढून घ्यावी लागते.

चुकीचा हिशेब का महागात पडतो?

भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धाव असते. दोन्हींना २० गुण आहेत. तिथे सेकंदाला किंमत आहे. १६०० मीटर सहा मिनिटांत धावणाऱ्याच्या मोबाइलने अंतर दहा मीटर चुकीचे मोजले, तर हिशेबात सव्वादोन सेकंदांचा फरक पडतो. उपग्रहावर चालणाऱ्या मोजणीत एवढी चूक सहज होते. १०० मीटरसाठी तर तिच्यावर विसंबणेच नको. मोजून आखलेले मैदान आणि हातातले स्टॉपवॉच बरे.

दुसरा घोळ दुबार नोंदीचा. एकच धाव घड्याळ आणि मोबाइल दोघांनीही पाठवली, तर एजंटला ती दोनदा दिसू शकते. त्यात तारीख सरकलेली असली, तर एका दिवशी चार फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी शून्य असे चित्र तयार होते. मग तो थकलेल्याला आणखी पळायला सांगेल किंवा ताज्या दमाच्याला विश्रांती. नडगीचे दुखणे सुरू झालेल्या तरुणाला पहिला सल्ला चांगलाच भोवेल. विचारण्याआधी ‘तारीख भारतीय वेळेनुसार धर, एकाच वेळेच्या दोन नोंदी एक मान’ एवढे सांगितले, तरी बराचसा गोंधळ टळतो. आठवड्यातल्या एकूण धावा बोटांवर मोजून एजंटच्या आकड्याशी ताडून पाहता येतात.

मागचा धोका कोणता?

धावेच्या नोंदीत केवळ वेळ नसते, रस्ताही असतो. आणि तो बहुधा घरापासूनच सुरू होतो. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’च्या जागतिक नकाशातून काही लष्करी तळांवरील जवानांचे फिरण्याचे मार्ग उघड झाले होते. ‘स्ट्राव्हा’च्या परवानग्यांमध्ये ‘सर्व नोंदी वाचा’ हा प्रकार ‘फक्त मला दिसेल’ असे ठेवलेल्या धावाही साधनाला दाखवतो. या ॲपने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम कडक केले आणि एपीआयमधून मिळालेली माहिती एआय मॉडेल शिकवण्यासाठी वापरण्यास मनाई केली. अँड्रॉइडवरील ‘हेल्थ कनेक्ट’मध्ये पावले, झोप, हृदयाचे ठोके यांची परवानगी वेगवेगळी देता येते. धावेपुरता सल्ला हवा असेल, तर झोपेची नोंद एजंटच्या हाती देण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी त्यात तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मात्र कंपन्यांवरील बहुतेक बंधने नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोपर्यंत ‘जोडलेली ॲप्स’ हा रकाना महिन्यातून एकदा उघडून, वापरात नसलेले साधन तिथून काढून टाकणे हाच हाताशी असलेला उपाय. त्याला दोन मिनिटे लागतात.