वसतिगृहातील पंखा : स्वयंचलित नियंत्रणाचा विचार

ब्रिटिश अमलात साहेबांच्या बंगल्यांत छताचा कापडी पंखा दोरीने ओढण्यासाठी माणूस नेमलेला असे. एकाच्या झोपेसाठी दुसऱ्याचे जागरण, अशी ती व्यवस्था होती. विजेच्या पंख्याने ते जागरण संपवले. परंतु वेग कमीजास्त करण्यासाठी आजही कोणीतरी जागे असावे लागते. वसतिगृहात सारे निजल्यावर हे कोण करणार?

पंखा खोली थंड करीत नाही. तो अंगावरील घाम वाळवून शरीराला गारवा देतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा ही विजेची नासाडीच होय. शिवाय रात्री दहाला सुखावणारा वारा पहाटे मुलांना हुडहुडी भरवतो.

स्वयंचलित नियंत्रक तापमान व आर्द्रता मोजून वेग ठरवतो. प्रारंभी २५ अंशांखाली बंद, २८ अंशांपर्यंत मंद आणि त्यापुढे जलद, अशी मांडणी पुरेशी आहे. पावसाळ्यातील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. तेव्हा त्याच तापमानाला वेग वाढवावा. चालू व बंद होण्याच्या तापमानांत एका अंशाचे अंतर असावे, अन्यथा पंखा सारखा चालू-बंद होत राहील. मापक खाटेच्या उंचीवर लावावा. पत्र्यालगतची हवा अधिक तापलेली असते.

उन्हाळ्यात कळसाडीची हवा त्वचेहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, तप्त झाली की वारा अंगाला उष्णताही देतो. तेव्हा भरपूर पाणी पिणे व अंग ओले ठेवणे आवश्यक ठरते.

तथापि हाताचे बटण मुलांच्या आवाक्यात राहिलेच पाहिजे. कोणाच्या अंगात ताप आहे, हे यंत्राला कळत नाही.