दुष्काळनिवारण : दया कीं हक्क ?

समितीच्या पहिल्याच बैठकींत पवईच्या एका व्यापारी गृहस्थांनीं असा प्रश्न केला कीं, परकी राज्य जाऊन सरकार आपलें झालें, कर आम्ही भरतोंच, मग दुष्काळफंडाची यादी घेऊन आमच्या दारीं येण्याचें प्रयोजन काय ? प्रश्न रास्त आहे. त्या दिवशीं त्यांस जें तोंडी उत्तर दिलें तें अपुरें होतें असें मलाच वाटलें. म्हणून चिटणीसांच्या सूचनेवरून या अहवालांत तें जरा विस्तारानें देत आहें.

आरंभ घरापासूनच करूं. साष्टी बेट इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून जिंकलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. पवईची इस्टेट कंपनी सरकारनें १७९९ सालीं डॉक्टर स्कॉट यांस व पुढें १८२९ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी यांस पट्ट्यानें दिली. फ्रामजींनीं येथें विहिरी खोदविल्या. ऊंस, नीळ व तुती यांची लागवड केली. परंतु आज ज्या तलावावरून पवईचें नांव सर्वत्र ठाऊक आहे तो त्यांच्या वेळचा नव्हे. १८८९-९० च्या सुमारास मुंबई शहरास पाण्याची टंचाई पडली. तानसाचें मोठें काम चालू होतें, पण पुरें झालें नव्हतें. तेव्हां घाईघाईनें येथील टेंकड्यांमध्यें बांध घालून १८९१ सालीं हा तलाव करण्यांत आला. १८९२ सालीं तानसाचें पाणी शहरांत आलें, आणि पवईचें पाणी पिण्यास बरें नाहीं असें ठरून तें पुढें बंद झालें.

ही हकीकत मी एवढ्याचकरितां सांगितली कीं, शहर तहानेलें होतांच राज्ययंत्र किती त्वरेनें हलूं शकतें याचा हा तलाव पुरावा आहे. शहरास म्युनिसिपालिटी होती, तींत करदात्यांनीं निवडलेले सभासद होते, ओरड करणारीं वर्तमानपत्रें होतीं. देशावरच्या कुणब्यास यांपैकीं कांहींच नव्हतें. त्यास विचारणारा कोणी नव्हता व त्यानें विचारल्यास उत्तर देण्यास कोणी बांधलेलाही नव्हता. दुष्काळाचा आणि स्वराज्याचा संबंध तो हा.

१८७६ च्या पावसानें दगा दिला आणि पुणें, सातारा, सोलापूर, नगर, विजापूर हे जिल्हे होरपळून निघाले. दुष्काळाची पाहणी करण्यासाठीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस पाठविलें. या गृहस्थांचें चरित्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८७३-७४ च्या बंगालच्या दुष्काळांत त्यांनींच ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून हजारों जीव वांचविले होते; पण खर्च फार केला म्हणून त्यांस दोष आला. दुसऱ्या वेळीं तो दोष येऊं न देण्याचा त्यांनीं निश्चय केला असावा. १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामावरील धडधाकट पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढ्यावर त्यांनीं आणून ठेविली. मद्रास इलाख्यांतील सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनींच, एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस जगणार नाहीं, असें बजाविलें. मुंबई इलाख्यांत तर हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. उपाशी माणसांनीं मजुरीसाठीं संप करावा ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांस बंडासारखी भासली.

त्या मजुरांच्या वतीनें बोलण्यास एकच संस्था पुढें आली. ती १८७० सालीं स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा. ‘सार्वजनिक काका’ म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी हे धंद्यानें वकील, आणि सभेची घटनाही वकिली डोक्यांतून निघालेली : ज्यास सभासद व्हावयाचें असेल त्यानें किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणिलें पाहिजे. मतदानाचा हक्क नसलेल्या प्रजेनें केवळ मुखत्यारपत्राच्या बळावर आपले प्रतिनिधी नेमावे, ही युक्ति मला आजही फार मोठी वाटते. सभेनें गांवोगांवची हकीकत गोळा करून छापली व ती सरकारपुढें ठेविली. तिच्यामागें महादेव गोविंद रानडे यांचा अभ्यास होता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस राणीच्या कैसर-इ-हिंद या पदवीचा दरबार भरला तेव्हां काका हातसुताचे कपडे घालून तेथें गेले. इकडे त्याच दिवसांत सोलापुराकडे जनावरें पटापट पडत होतीं.

पुढें नेमलेल्या दुष्काळ कमिशनच्याच अंदाजाप्रमाणें त्या आपत्तींत ब्रिटिश मुलुखांत ५० लाखांहून अधिक माणसें दगावलीं. हें डोळ्यांनीं पाहून एका माणसाचा अर्जविनंत्यांवरील विश्वास उडाला. वासुदेव बळवंत फडके यांनीं १८७९ सालीं बंड उभारलें, जुलैमध्यें ते पकडले गेले आणि १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत वारले.

व्यापारी मंडळींस विशेष कळावें असें एक प्रकरण येथें सांगतों. पुढील दुष्काळांसाठीं दरसाल दीड कोट रुपये बाजूस काढावयाचे असें १८७८ सालीं ठरलें व त्यासाठीं व्यापाऱ्यांवर लायसेन्स टॅक्स बसविण्यांत आला. सुरतेच्या बाजारांत त्यावरून दंगल झाली. कर वसूल झाला. पण लागलीच अफगाण युद्ध उपस्थित झालें व दुष्काळाच्या नांवानें घेतलेला पैसा दुष्काळासाठीं शिल्लक राहिला नाहीं. आपण ज्या फंडांत पैसा घालितों त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपणांस नसेल तर काय होतें, याचा हा धडा त्या पिढीच्या व्यापाऱ्यांनीं पदरचे पैसे देऊन घेतला.

कमिशनच्या १८८० च्या अहवालावरून प्रांतोप्रांतीं दुष्काळाचें ‘कोड’ तयार झालें. काम केव्हां काढावें, मजुरी किती द्यावी, अपंगांस काय द्यावें, हें सर्व त्यांत होतें. वकील या नात्यानें एवढें सांगितलें पाहिजे कीं, कोड हें नांव मोठें असलें तरी तो कायदा नव्हता. त्या अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचना होत्या. त्या मोडल्या म्हणून कोर्टांत दावा लावण्याची सोय कोणासही नव्हती. ज्यांच्यासाठीं त्या लिहिल्या त्या शेतकऱ्यांस तर त्या ठाऊकही नव्हत्या.

१८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं जें केलें तें वरकरणीं फार साधें होतें. सार्वजनिक सभेचीं माणसें गांवोगांव पाठवून त्यांनीं हें कोड रयतेस मराठींत समजावून दिलें. सरकारनेंच लिहिलेले नियम सरकारच्याच प्रजेस वाचून दाखविले, यापलीकडे त्यांत कांहीं नव्हतें. ‘केसरी’नें लिहिलें तेंही हेंच कीं, पीक बुडालें असतां भांडींकुंडीं व गुरें विकून सारा भरूं नका, नियमानें मिळणारी सवलत मागा. पुण्यास व्यापाऱ्यांच्या साहाय्यानें स्वस्त धान्याचीं दुकानें उघडून त्यांनीं बाजार लुटला जाऊं दिला नाहीं. सोलापूरच्या विणकरांसाठींही त्यांनीं एक योजना आंखली. सरकारनें ती मान्य केली नाहीं. मार्च १८९७ मध्यें सभेची मान्यताच काढून घेण्यांत आली. नियम वाचून दाखविणारास एवढी शिक्षा कां, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, नियम ठाऊक झालेला माणूस भिक्षा मागत नाहीं, जाब मागतो.

त्याच वर्षीं प्लेगाची धांदल, रँडचा खून व टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हीं प्रकरणें घडलीं. खटल्याची हकीकत सर्वांस माहीत आहे. मी एकाच गोष्टीकडे लक्ष वेधितों. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ‘डिस्अफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा अभाव असा अर्थ ज्यूरीस सांगितला. ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी होते. निकालही सहाविरुद्ध तीन असाच लागला व टिळकांस अठरा महिने शिक्षा झाली. हे न्यायमूर्ति लॉर्ड लिटन यांचे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रॅची यांचे चिरंजीव, व दुष्काळ कमिशनचे अध्यक्ष सर रिचर्ड स्ट्रॅची यांचे पुतणे. चुलत्यानें दुष्काळाचे नियम सुचवावे व पुतण्यानें ते सांगत फिरणाऱ्यास तुरुंग दाखवावा, हा योगायोग होय. त्यांतून मी अधिक अर्थ काढीत नाहीं.

जमीनदार वाचकांस आणेवारीचा प्रश्न परिचयाचा आहे. १९१८ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत असा नियम होता कीं, पीक चार आण्यांपर्यंत आल्यास सारा पुरा तहकूब, सहा आण्यांपर्यंत आल्यास निम्मा तहकूब. सारा ‘तहकूब’ म्हणजे पुढें ढकललेला. ‘सूट’ ही निराळी गोष्ट. पण चार आणे कीं सहा आणे हें ठरवावयाचें कोणीं ? खेड्याचा सत्याग्रह याच एका मुद्यावर झाला. स्वतंत्र पंच नेमा, ही मागणी होती. सरकारनें ती नाकारली. पुढें आण्यांचे पैसे झाले व आणेवारीची पैसेवारी झाली, तरी आंकडा ठरविण्याच्या वेळीं गांवकरी हजर असावा हें म्हणणें जुनें झालेलें नाहीं.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत तर कोड लागूच केलें नाहीं. चौकशी कमिशननें मृतांचा अंदाज १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लाखांपर्यंत नेला.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतों. १९७२-७३ सालीं महाराष्ट्रांत जो दुष्काळ पडला तो १८७७ च्या दुष्काळाहून हलका नव्हता. परंतु मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं, आणि भूकबळींचे ते जुने आंकडे पुन्हां आले नाहींत. पाऊस तोच, जमीन तीच. फरक एवढाच कीं त्या ५० लाखांस मत होतें. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागणाऱ्यास काम, न दिल्यास बेकारभत्ता. जें कोडांत सूचना म्हणून होतें तें येथें हक्क म्हणून आलें. तेव्हां अंगमेहनत करूं शकणाऱ्यास मजुरी देणें हें सरकारचें देणें आहे, आणि त्यासाठीं ही समिती आपणांपुढें हात पसरीत नाहीं.

मग काय उरतें ? १८९७ च्या अखिल हिंदी दुष्काळफंडानें खासगी दानाचे चार हेतु ठरविले होते. सरकारी मदतीवर राहणाऱ्या आजारी व वृद्धांस थोडें अधिक. अनाथ मुलांचा सांभाळ. उपाशी मरतील पण कामावर येणार नाहींत अशा अब्रूदार घरांस गुप्त मदत. आणि दुष्काळ सरतांच शेतकऱ्यास बीं व बैल. परकी राज्याची बहुतेक व्यवस्था टाकण्याजोगी होती, पण ही विभागणी मला अजून पटते. मजुरीनें माणूस जगतो. मेलेला बैल मजुरींतून परत येत नाहीं. पुढचें पीक बैलावर अवलंबून असतें.

यास्तव समितीनें गोळा होणाऱ्या रकमेंतून प्रथम चारा व बियाणें हीं कामें हातीं घेण्याचें ठरविलें आहे. देणगी कोणत्या कामासाठीं द्यावयाची हें दात्यानें यादींत आपल्या हातानें लिहावें; त्या कामाखेरीज ती अन्यत्र खर्ची पडणार नाहीं. पूर्वीच्या अनुभवावरून व्यापारी मंडळींस विनंती कीं बियाण्याच्या रकमा मृगापूर्वीं एक महिना तरी पोंचत्या कराव्या. पाऊस पडल्यावर आलेलें बीं पेरणीस मिळत नाहीं. हिशेबाच्या वह्या कोणाही वर्गणीदारास रविवारीं सकाळीं पाहतां येतील.