वीस गुंठ्यांची शेती आणि घरचे ताट

‘गावी जमीन आहे ना, मग खाण्यापिण्याची काय चिंता?’ मुंबईतले आमचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही मालवण तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत परतलो, तेव्हा आम्हालाही असेच वाटत होते. वीस गुंठे भातशेती, पाच गुंठे वरकस, घराभोवती परडे आणि खाणारी तोंडे पाच. आपले आपण पिकवू, बिनविषारी खाऊ, दवाखान्याची पायरी चढायची वेळ येणार नाही, असा आमचा बेत होता. काही जमले, काही चुकले. एकदा तर घरातला माणूस जाता जाता वाचला. आपल्या समाजातले अनेक जण निवृत्तीनंतर गावाकडे येण्याचा विचार करतात, त्यांच्यासाठी हा आमचा हिशेब.

कणगीचा हिशेब

पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांत साडेपाच क्विंटल भात झाले. भरडून साडेतीन क्विंटल तांदूळ हाती आला. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो तांदूळ धरला, तर तो आठ महिनेही पुरत नाही. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षातही चार महिन्यांचा तांदूळ बाहेरून आणावा लागतो. शिवाय मीठ, तेल, औषध, एसटीचे भाडे, पोरांच्या शाळेचा खर्च कुठल्याच कुणग्यात उगवत नाही. त्यासाठी परड्यामागच्या काजूच्या बिया विकतो, सुटीत मजुरीला जातो.

रेशनचे धान्य आम्ही घेतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. स्वयंपूर्ण होणे म्हणजे आपला हक्क सोडणे नव्हे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, तिला भांडवल, अवजारे किती मिळतात यावरून ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षांनंतर आमच्या वीस गुंठ्यांत तेच दिसते. दोन माणसांची मेहनत या जमिनीत मुरते. पाचही जणांनी तिच्यावरच जगायचे ठरवले, तर पाचही जण अर्धपोटी राहतील. म्हणून थोरल्या मुलाचे शिक्षण आणि नोकरी आम्ही शेतीसाठी मोडली नाही. पोट भरण्याची सगळी जबाबदारी शेतीवर टाकली नाही. ताट सुधारण्याचे काम मात्र तिच्याकडून करून घेतले.

ताटात काय बदलले

मुंबईत आमचे जेवण म्हणजे पांढरा भात, पातळ डाळ आणि बटाटा. घरातल्या दोघांना मधुमेह, सुनेचे हिमोग्लोबिन साडेआठ. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. आमचे घर त्याला अपवाद नव्हते.

वरकस जमिनीत नाचणी घातली. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते. तरी एक सावधगिरी हवी. नाचणी झाली तरी तेही पिठूळ धान्यच. मधुमेह्याने ‘नाचणी चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी पेरतो. कुळथाला वेगळे पाणी लागत नाही आणि त्यात शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात. कुळथाची पिठी ही गरिबाची आमटी म्हणून हिणवली गेली, पण तीच आमच्या ताटातली सगळ्यात सकस गोष्ट ठरली. सकाळी चहा-बटरऐवजी उकड्या तांदळाची पेज पितो. भात उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा सरस.

परड्यात शेवगा, अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, लिंबू आणि दोन पपया आहेत. न्हाणीचे पाणी अळूच्या आणि केळीच्या आळ्यात सोडले आहे. पावसाच्या सुरुवातीला टाकळा रानात फुकट मिळतो. आठ-दहा देशी कोंबड्या आहेत. अंडी आधी पोरांच्या आणि बाळंतिणीच्या ताटात, उरली तर विक्रीला, असा घरचा नियम केला. पूर्वी उलटे होते. अंडी बाजारात जायची आणि पोरे बिस्किटे खायची.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि सुका बांगडा कामी येतो. रक्तदाबाच्या माणसाने खारवलेली मासळी भिजवून, पाणी टाकून द्यावे आणि मगच थोडी खावी.

सुनेचे हिमोग्लोबिन वर्षभरात अकराच्या वर गेले. पण हे केवळ शेवग्याच्या पाल्याने झाले, असे सांगणे खोटे होईल. तिने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या नियमाने घेतल्या. जेवणावर लिंबू पिळू लागली आणि जेवणानंतर लगेच चहा पिणे सोडले, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. औषध आणि आहार दोन्ही लागले.

चिखलातला ताप

आता जे चुकले ते. दुसऱ्या वर्षीच्या लावणीत घरातला धाकटा भाऊ पायाला भेग असताना अनवाणी चिखलात उतरला. आठवड्याने ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत की उभे राहवेना. आम्ही म्हटले, लावणीचा शीण आहे. तापाची गोळी दिली, काढा दिला, तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तेव्हा धावपळ करून रुग्णालयात नेले. तो लेप्टोस्पायरोसिस होता. वेळेत पोहोचलो म्हणून तो वाचला. आणखी दोन दिवस घरी ठेवला असता तर मूत्रपिंडे गेली असती, असे डॉक्टरांनी सांगितले. चूक आमचीच होती.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मुतातून पाण्यात येतात आणि भेगा, जखमा, डोळे, तोंड यांवाटे शरीरात शिरतात. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत हा आजार नवा नाही. म्हणून एवढे पाळावे :

• शक्यतो गमबूट घालावेत. जखमेवर पट्टी बांधून वर प्लास्टिक गुंडाळावे. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

• लावणीपूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक डॉक्सीसायक्लीन गोळीबद्दल विचारावे. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी ती परस्पर घेऊ नये.

• चिखलात काम केल्यावर महिन्याभरात ताप आला, तर ‘मी शेतात काम केले आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे, लाल डोळे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• कणगी आणि कोंबड्यांचे खाद्य उंदरांपासून झाकून ठेवावे.

काजूच्या हंगामात वेगळी काळजी लागते. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. आणि फुरसे चावले तर मंत्र-तंत्र, चिरा घेणे, करकचून बांधणे यात वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता, थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावर लस हाच इलाज.

चूल आणि धूर

घरचे अन्न शिजवताना बाईच्या फुप्फुसात धूर जात असेल, तर त्या अन्नाला सकस म्हणणे अर्धवट आहे. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने या जिल्ह्यात घरोघरी बायोगॅस नेण्याचे मोठे काम केले आहे. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो शेण लागते, म्हणजे दोन-तीन गुरे हवीत. आमच्या दोन गाईंवर सकाळचा स्वयंपाक होतो, संध्याकाळी सिलिंडर. उरलेली स्लरी परड्यात जाते.

जमिनीचे कागद

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने खोताला भात मोजून दिले आणि स्वतः आंबील पिऊन दिवस काढले. त्या लढ्याचा वारसा आज सातबाऱ्यावर एकेका गटाला वीस-वीस सहहिस्सेदारांच्या रूपात अडकून पडला आहे. वाटणी नाही म्हणून जमीन पड, विहिरीसाठी अनुदान नाही आणि विहीर नाही म्हणून मे महिन्यात भाजी नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, जांभ्या कातळावरून पाणी वाहून गेल्याने आमच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर पाहावा लागतो. भावकीने एकत्र बसावे, वाटणी करावी, बहिणी आणि सुनांची नावे लावावीत. ताटाचा प्रश्न शेवटी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जातो.

आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचे वाचन सुरू होते. लावणीचे आणि लेप्टोच्या तापाचे दिवसही तेच. गेल्या दोन वर्षांपासून आमच्या वाडीत वाचनाच्या पहिल्या संध्याकाळी आशाताई येतात, पंधरा मिनिटे तापाची लक्षणे सांगतात आणि मग वाचन सुरू होते. आपल्या विहारातही हे सुरू करावे, एवढीच विनंती. जय भीम!